तळटीप क्रमांक तीनशे अठरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या मॅडम, सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील मंडळी, तिसऱ्या रांगेत बसलेली माझी आई, आणि हजेरी लागणार म्हणून आलेले विद्यार्थी मित्रहो,

मला चार मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलं.

मॅडमनी या विधी महाविद्यालयात एकोणतीस वर्षं शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून स्वतंत्र संशोधन करून घेतलं, दीर्घ निबंध लिहून घेतले. त्यांच्या हाताखालून गेलेला सगळ्यांत भयंकर निबंध कोणाचा? नम्रपणे सांगतो, माझा.

नियम असा होता: निबंध आठ हजार शब्दांहून कमी नको, बारा हजारांहून जास्त नको, तळटीपा मोजल्या जाणार नाहीत. आता वकील होऊ घातलेल्या मुलाला असा नियम दाखवल्यावर तो काय करणार? माझा विषय होता, घर रिकामं करायला लावण्याआधी भाडेकरूला किती दिवस अगोदर सांगावं. सांगण्यासारखं इतकं होतं की बारा हजारांत मावेना. मी थोडं खाली ढकललं. मग आणखी थोडं. शेवटी वर एकच वाक्य उरलं: ‘भाडेकरूला आधी कळवले पाहिजे.’ त्याच्या प्रत्येक शब्दावर शंभर-शंभर आकडे बसले होते आणि खाली दोनशे सोळा पानं, बारीक अक्षरांत. काही तळटीपांना तर स्वतःच्या तळटीपा होत्या.

हेडक्लार्कनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि परत दिला. “घेता येणार नाही.”

“का हो?”

“सात हजार नऊशे शहाण्णव शब्द कमी आहेत.”

परीक्षा समिती बसली. एक सदस्य म्हणाले, निबंध फार मोठा आहे. दुसरे म्हणाले, निबंध नाहीच. बाहेरच्या परीक्षकांनी तर शेरा देऊन टाकला होता, ‘मांडणी सुटसुटीत’. मॅडमनी विचारलं, “कोणी वाचलाय का हा?” सगळे पंख्याकडे बघू लागले. मॅडमनी माझ्यासाठी महिन्याची मुदत मागून घेतली. माझं अख्खं वर्ष त्या महिन्यावर टांगलं होतं.

रोज दुपारी त्या एकेक तळटीप मला मोठ्याने वाचायला लावायच्या. “हे खाली का ठेवलंस? पुरावा नाही की लाज वाटते?” पुरावा नसेल तर लाल रेघ. असं करत तीनशे अठरावर आलो. तिथे लिहिलं होतं: ‘आमचे सामान रस्त्यावर आले तेव्हा आई नुकतीच न्हाऊन आली होती. दिवसभर ती ओल्या केसांनी कपाटाशेजारी उभी राहिली. आधी कळवले असते, तर तिने केस दुसऱ्या दिवशी धुतले असते.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “अरे गाढवा, निबंध इथे आहे. वर घे.”

तिथून मी आठ हजार शब्द लिहिले आणि पास झालो. आई, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर रागव.

आता मूळ मुद्दा. परवा सोमवारी मॅडमच्या खोलीत गेलो, तर त्या कपाट आवरत होत्या. म्हटलं, “मॅडम, अजून एक वर्ष आहे ना?”

“नाही रे. जन्मतारखेची नोंद दुरुस्त झाली. चार महिन्यांपूर्वीच्या परिपत्रकात आलंय.”

मित्रहो, ते परिपत्रक पंख्यांच्या दुरुस्तीबद्दल होतं! मी शोधून काढलं. मॅडमची निवृत्ती तळटीप क्रमांक दोनमध्ये होती. या इमारतीत तळटीपा वाचणारी व्यक्ती एकच. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि चार महिने आमच्याबरोबर चहा पीत राहिल्या. का, तर म्हणे उगाच गाजावाजा नको.

मॅडम, मला तुमचा राग आलाय. चार महिने मिळाले असते तर मी तुम्हाला किती काय सांगितलं असतं. ते सगळं आता या चार मिनिटांत कोंबतोय आणि तीही संपली.

हो अध्यक्ष महोदय, घंटा ऐकली. इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, भलतंच खाली राहिलं असेल, तर सांभाळून घ्या. आणि मॅडम, माझ्या डोक्यावर आता केस उरलेले नाहीत, तरी सांगतो. सोमवारपासून मी ओल्या केसांनी उभा आहे. आधी कळवायला हवं होतं.