राणीचं पहिलं वाक्य

काकू, सरांची मुलं, आणि मराठी मंडळातले तुम्ही सगळे. इतक्या थंडीत सरांच्या शोकसभेला ड्राइव्ह करून आलात. मी सुनंदा. मला आज बोलायचं नव्हतं. काकूंनी फोन केला, म्हणाल्या, "मनोहर सरांबद्दल तूच बोल." मी विचारलं, "मीच का?" त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे." मला माहीत आहे. इथल्या पुष्कळ जणांनाही माहीत आहे.

सरांनी आयुष्यभर इथल्या कॉलेजात जुनी इंग्रजी नाटकं शिकवली. इंग्रजांची जहाजं नुकती जगभर निघाली होती, त्या काळातली. सर सांगायचे, लिहिणाऱ्यांनी ते किनारे पाहिलेही नव्हते. तरी तिथला माणूस स्टेजवर यायचा, आणि गोऱ्या कप्तानाला देव समजून पाया पडायचा. सर चिडून विचारायचे, "त्या माणसाला कुणी विचारलं होतं का?"

सहा वर्षांपूर्वी दिवाळीला सरांनी मंडळासाठी त्याच धाटणीची एकांकिका लिहिली. ती नाटकं कशी असत, ते आपल्या लोकांना कळावं म्हणून. हेतू चांगला होता. मी नुकतीच लग्न होऊन नागपूरहून डब्लिनला आले होते. मंडळाच्या पॉटलक जेवणाच्या दिवशीच भूमिका वाटल्या. सर म्हणाले, "बेटावरची राणी सुनंदा करेल. तिला शोभेल." मी खूश झाले. वाचनाला बसलो तेव्हा कळलं. कप्तान आणि त्याची माणसं पुण्याचं शुद्ध मराठी बोलत होती. रानटी राणी माझ्या आईची भाषा बोलत होती.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, प्रेक्षकांना फरक कळायला हवा ना. आणि तुझ्या तोंडी ते सहज येतं." आम्ही नागपूरचे, बौद्ध. आम्हाला काय शोभतं, हे लहानपणापासून लोकच सांगत आलेत. पण मी नवीन होते. गप्प बसले. प्रयोगाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या ताईंनी काळ्या रंगाची डबी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि बंद केली. म्हणाल्या, "हिला नको."

मग मी पोतं गुंडाळून स्टेजवर आले. कप्तानाच्या पायाशी बसले. म्हटलं, "कोन देव आला वं माय?"

तुम्ही हसलात. आठवतं?

त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली. घरोघरी फिरली. पुढे एका घरी जेवायला गेले, तर पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "आंटी, यू आर द जंगल लेडी, राइट?" तिचे आईवडील इथे बसलेत. मला त्यांना लाजवायचं नाही. की लाजवायचंय? खरंच सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी सरांशी बोलणं सोडलं.

गेल्या महिन्यात सरांनी बोलावलं. अंथरुणाला खिळले होते. समोर टीव्हीवर तीच कॅसेट. म्हणाले, "सुनंदा, सगळे हसतात. पण सगळ्यात मोठ्यानं कोण हसतंय, ऐक. विंगेतून. तो मी आहे." मग म्हणाले, "जन्मभर मुलांना विचारलं, त्या माणसाला कुणी विचारलं होतं का. मी तुला विचारलं नाही."

त्यांनी वही मागवली. "परका माणूस दारात आला, तर तुझी आई काय म्हणते?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "पुढचं रविवारी लिहू. येशील ना?" मी हो म्हटलं.

रविवारी मी गेले नाही. रस्ते साफ होते. गाडी सुरू होत होती. मी गेले नाही. वाटलं, मी सहा वर्षं थांबले, आता यांनी एक आठवडा थांबावं. बुधवारी सर गेले.

काकूंनी ती वही मला दिली. वर लिहिलंय, 'राणी'. खाली एकच वाक्य. पुढची सगळी पानं कोरी आहेत. वाचते.

"या जी, बसा. पानी घ्या. थकून आले असान."

भाषा तीच आहे, बघा. फक्त या वेळी त्यांनी विचारून लिहिली.

सर, मी यायला हवं होतं. माझं चुकलं. तुमचंही चुकलं होतं, आणि ते तुम्ही माझ्या तोंडावर कबूल केलंत. इथे अजून कुणी केलेलं नाही.

ती कॅसेट आता माझ्याकडे आहे. राणीच्या "कोन देव आला"नंतर तुम्हा सगळ्यांचं हसू किती वेळ चालतं, ते मला पाठ आहे. शेवटी सरांनाही ते पाठ झालं होतं. आता उभे राहू या. तेवढाच वेळ गप्प राहू या. संपलं की मी सांगेन.