दिव्यापुढून गेलेलं पाणी

वारलेल्या वडिलांच्या नावाचं वीजमीटर आपल्या नावावर करून घ्यायला ती रांगेत उभी होती. पुढे मत्स्यशेती करणारे एक बाप आणि त्यांची लेक हुज्जत घालत होते.

“बाबा, आता तरी कबूल करा. तुमच्या टाकीतली पिल्लं मेली, माझ्या टाकीतली उड्या मारतायत.”

“ब्लीचिंग पावडर जरा जास्त पडली.”

“दरवेळी पडते! मी औषधाचा कणही टाकला नाही. पाणी गाळलं, अतिनील दिव्यापुढून सोडलं, जंतू खलास.”

“दिव्यानं कुणी पाणी धुतं का, म्हणून सगळे हसले होते.”

“सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही!”

“तुझीही पिल्लं मेली असती तर तळी विकावी लागणार होती. हसू नको तर काय, चारचौघांत रडू?”

“आणि आता?”

“आता ओढ्यात ब्लीचिंगचं पाणी जाईनासं झालं, तर बेडूक परत आलेत. झोपू देत नाहीत मेले. तुझीच कृपा!”

खिडकीतून कारकुनानं विचारलं, “नवी जोडणी कशाला?”

“सगळ्या टाक्यांना दिवे लावायचेत.”

“कुणाच्या नावानं?”

“लेकीच्या. तळीही तिच्याच नावावर करणार, आणि मी असतानाच. लेकीकडून हरल्याची मजा मलाही बघू दे की!”

“काका, आटपा. मागे रांग आहे.”

“त्यांचं सावकाश होऊ द्या,” वडिलांच्या मीटरचे कागद धरून मागे उभी असलेली ती म्हणाली.