पायलचा शिरा

“खरं सांगा रे, अपूर्णांक कोण चांगले शिकवते? मी का पायल?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून उर्वशीनं आपल्या सुट्टीतल्या क्लासच्या पोरांना विचारूनच टाकलं. पलीकडच्या गल्लीत पायलही क्लास घ्यायची, अन् पोरं हल्ली दोन्हीकडे जायची. “तुम्हीच, ताई!” सगळे ओरडले. उर्वशी तरंगतच बाभुळगावच्या चक्कीवर गेली. उन्हामुळे तोंडाला दुपट्टा बांधून दळणाच्या रांगेत उभी होती, तर मागं तिचेच विद्यार्थी, संघर्ष आणि ओम. त्यांनी तिला ओळखलंच नाही.

“खोटं कायले बोलला बे, ओम?”

“तोंडावर कसं सांगू? उर्वशीताई निस्तं वरच्याले वरचा गुणा, खालच्याले खालचा गुणा म्हणते.”

“आन् पायलताई?”

“थे शिरा करते! चार जणाले पाऊण वाटी रवा, मंग दहा जणाले?”

“अडीच पट.”

“हां, पाऊण गुणिले अडीच. दोन वाट्याले जरासा कमी. पण पाणी तिनं भलतंच टाकलं. चिखलावानी गारा झाला पुरा!”

“मंग?”

“चूक म्या पकडली. ताई हासली, अन् थो गारा आमच्यासंगं खाल्ला.”

“उर्वशीताई तं कधी चुकतच नाही.”

“थेच तं!”

घरात शिरताच उर्वशीनं दुपट्टा भिरकावला.

“आई, बाबा, उद्यापासून माझा क्लास सैपाकघरात. मोठं पातेलं काढून ठेवा.”

“तुले शिरा तरी येते का, बाई?”

“नाही येत! पाहाच तुम्ही, पायलच्याहून मोठा गारा करीन मी!”