अकरा नंबरचा कावळा

मुलगी: पण दार आतून का लावलं होतंत, एवढंच विचारतेय मी.

मिस्त्री: धूळ येते.

मुलगी: बंद दालनात? आणि ती धूळ नेमकी जेवणाच्या सुट्टीतच येते का, काका?

मिस्त्री: तू जेवायला गेली होतीस ना? मग जेवायचं. अर्धा डबा टाकून धावत परत यायचं काय कारण होतं?

मुलगी: हा फॉर्म विसरले होते. चित्र भिंतीवर चढायच्या आधी पुढून-मागून बघायचं, ओरखडा, डाग, फाटलंतुटलं काय ते लिहायचं आणि सही ठोकायची. पंचवीस चित्रांचं झालं. राहिलं एकच, अकरा नंबर. ते तुम्ही मी नसताना लावून मोकळे झालात.

मिस्त्री: हूक ठोकलेला होता, हात रिकामे होते, लावलं. रिकामं बसवत नाही मला. ते बघ, सात नंबरचं लेबल उलटं चिकटवलंयस. ते आधी सरळ कर.

मुलगी: ते सरळच आहे. आणि हातात ब्लेड कशाला होतं?

मिस्त्री: कुठलं ब्लेड?

मुलगी: दाराच्या फटीतून दिसलं मला. चित्र टेबलावर पालथं, तुम्ही त्याच्यावर वाकलेले, उजव्या हातात ब्लेड.

मिस्त्री: पॅकिंगची दोरी कापत होतो.

मुलगी: दोऱ्या सकाळीच कापल्या. मीच गुंडाळून ठेवल्यात, त्या खोक्यात बघा. सव्वीसच्या सव्वीस.

मिस्त्री: वकिलीला जायचंस, बाई. चित्रकलेत काय ठेवलंय तुझ्यासारखीला?

मुलगी: ब्लेड दाखवा.

मिस्त्री: आता मी विचारतो. दालनाच्या मॅडमनी पाठवलंय ना तुला? आठ दिवस बघतोय. मी शिडीवर चढलो की तू खाली उभी. मी चहाला गेलो की तू दाराशी. पुढच्या प्रदर्शनापासून कंपनीची माणसं आणणार आहेत म्हणे, टोप्या घातलेली, लेझरचा दिवा घेऊन. मग म्हाताऱ्याला काढायला निमित्त हवंच. ते शोधायला तू.

मुलगी: मला कोणी पाठवलं नाही. मी तुमच्याजवळ उभी राहायचे ते शिकायला. दोरा धरून नुसत्या डोळ्याने उंची काढता, ते कॉलेजात कोणी दाखवत नाही.

मिस्त्री: गोड बोलू नकोस. गोड बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

मुलगी: बरं, कडू बोलते. ते अकरा नंबरचं चित्र खोटं आहे.

मिस्त्री: काय म्हणालीस?

मुलगी: खोटं आहे. कोणीतरी बदललंय. आणि गेली कित्येक वर्षं ते चित्र तुमच्याशिवाय कोणी उचललेलं नाही, हे तुम्हीच मला परवा छाती फुगवून सांगितलंत.

मिस्त्री: देवाला डोळे आहेत, पोरी. जीभ आवर.

मुलगी: हा अंक बघा. आमच्या कॉलेजचा वार्षिकांक, एकतीस वर्षांपूर्वीचा. सकाळी वाचनालयात सापडला. ही चित्रं काढणारे मास्तर तेव्हा आमच्याकडे शिकवायचे. हा त्यांचा फोटो, पहिल्या प्रदर्शनात. मागे भिंतीवर हेच चित्र आहे. गच्ची, दोरीवर वाळत घातलेली चादर, कठडा. दिसतंय?

मिस्त्री: दिसतंय. केस किती होते मास्तरांना!

मुलगी: केस नका बघू, कठडा बघा. डावा कोपरा. कावळा कुठाय?

मिस्त्री: इकडे आण जरा.

मुलगी: भिंतीवरच्या चित्रात कठड्यावर कावळा आहे. फोटोत कठडा रिकामा.

मिस्त्री: फोटो काळापांढरा आहे.

मुलगी: कावळाही काळाच असतो, काका! भिंगातून बघितलं मी. डाग नाही, सावली नाही, काही नाही. आणि त्या कावळ्यावर मी बारा पानं लिहिलीत. वर्षभर दालनं हिंडले त्याचा निबंध होता. अकरा दालनं, पायाचे तुकडे पडले. सगळीकडे लोक आधी लेबल वाचतात आणि मग लेबलात लिहिलंय ते चित्रात सापडतंय का ते शोधतात. मी ठरवलं होतं, लेबल वाचायचं नाही. या कावळ्यासमोर दीड तास उभी राहिले. चित्रकाराचं एकटेपण त्या कठड्यावर येऊन बसलंय, असं लिहिलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं.

मिस्त्री: बारा पानं? त्या… त्या एवढ्याशा कावळ्यावर?

मुलगी: हसताय?

मिस्त्री: नाही गं बाई. रडू येत नाही म्हणून तोंड असं झालंय.

मुलगी: मग सांगा. पाच वाजता उद्घाटन. संग्रहालयाची माणसं येणार, मास्तरांच्या पत्नी हे चित्र त्यांना देऊन टाकणार. मी जे दिसतंय ते फॉर्मवर लिहिलं, ‘फोटोशी जुळत नाही’, तर चित्र आत्ता खाली उतरेल. ऐंशी वर्षांच्या बाईला सगळ्यांसमोर विचारतील, खरं कुठे लपवलंत. आणि नाही लिहिलं तर खोट्याखाली माझी सही. मी काय करू?

(दारावर टकटक.)

मॅडम: मिस्त्री? अजून दार बंद? बाई घरून निघाल्यात, अर्ध्या तासात पोचतील. फॉर्म झाले सगळे? कोणी आहे का आत?

मुलगी: आहे मॅडम, मी आहे. अकराचा तेवढा राहिलाय. दिवा नीट पडत नाही, तो हलवतोय.

मॅडम: पटकन. आणि मिस्त्रींना म्हणावं, सदरा बदला. फोटो निघणार आहेत.

मिस्त्री: गेल्या?

मुलगी: गेल्या. पहिल्यांदा खोटं बोलले मी त्यांच्याशी, तुमच्यापायी. आता तुमची पाळी. खरं बोलायची.

मिस्त्री: बस त्या खोक्यावर. तर ऐक. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. नवी नवी हातोडी, नवा नवा हात. आमचे वडील सुतार, त्यांचं म्हणणं असं की लाकूड म्हणजे…

मुलगी: काका, आख्यान लावू नका. पूर्वरंग पुरे झाला. बाई रस्त्यात आहेत.

मिस्त्री: बरं. फोटोवाला येऊन गेला, हाच फोटो. त्यानंतर मास्तर म्हणाले, दोन बोटं वर घे. मी शिडीवर. हातोडी पट्ट्यात खोचलेली. वळलो, आणि हातोडीचं मागचं शिंग घुसलं चित्रात. डाव्या कोपऱ्यात. आरपार.

मुलगी: कठड्यावर?

मिस्त्री: बरोब्बर कठड्यावर. अंगठा जाईल एवढं भोक. खाली उतरलो आणि मास्तरांच्या पायाशीच बसलो. वाटलं, आता हा माणूस मला भिंतीवर टांगणार. ते भोकाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. मग म्हणाले, ‘तुझ्या सदऱ्याचं कापड जाड दिसतंय.’

मुलगी: सदऱ्याचं?

मिस्त्री: खाकी सदरा होता. ब्लेडने खिसाच कापून घेतला त्यांनी, मागच्या कापडासकट. चित्र पालथं घातलं, भोकावर तो खिसा चिकटवला. वाळेपर्यंत मला चहा पाजला स्वतःच्या हाताने. मग चित्र पुढून उभं केलं, ब्रश घेतला, आणि भोक बुजवलं होतं तिथे बसला तुझा कावळा. संध्याकाळी लोक आले ते त्याच्यासमोरच थांबायला लागले. एक जण म्हणाला, हा पक्षी नसता तर चित्रात जीव नव्हता. मास्तरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मुलगी: म्हणजे माझी बारा पानं…

मिस्त्री: भोकावर लिहिलीस.

मुलगी: थांबा. गोष्ट छान आहे. फारच छान आहे. पण आत्ता जुळवलीत की नाही, हे कशावरून? मास्तर गेले. भोक कोणी बघितलं नाही. आणि साधं ठिगळ असेल तर एकतीस वर्षं लपवायचं कशाला? मास्तर तर डोळा मारत होते म्हणता.

मिस्त्री: लपवलं ते ठिगळासाठी नाही.

मुलगी: मग?

मिस्त्री: चित्र भिंतीवर चढवायच्या आधी मास्तरांनी एक कागद लिहिला. माझ्याकडे पाठ करून. घडी घातली, त्या खिशात सरकवला, वरून सुईदोऱ्याने एक टाका घातला. म्हणाले, ‘कोणी उलटून बघेल तेव्हा कळेल.’ एवढंच. काय कळेल, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मुलगी: आणि तुम्हाला वाटलं…

मिस्त्री: वाटायचं काय? हसून कोणी सोडून देतं का असं? आयुष्यभराचं काम भोसकलं मी त्यांचं. तोंडावर चहा पाजला आणि पाठीमागे लिहून ठेवलं, भोक कोणी पाडलं ते. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तेव्हापासून हे चित्र जिथे जिथे लागलं, तिथे मी हजर. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्यातून उठून आलो, ताप अंगावर घेऊन आलो. कोणी उलटून बघायच्या आत भिंतीला पाठ लावून टाकायचो. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे मिस्त्रीची! भक्ती कसली? भीती.

मुलगी: आणि आज ब्लेड…

मिस्त्री: संग्रहालयवाले उलटून बघणारच. टाका कापला. कागदाचं टोक दिसलं. पण हात पुढे जाईना. देवाशपथ सांगतो, चोरी वाटली ती. गेलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं.

मुलगी: खिसा तर तुमचाच आहे.

मिस्त्री: हो की. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मुलगी: धरा. ती बाजू धरा. उतरवू या.

मिस्त्री: पोरी, राहू दे. काय लिहायचं ते लिही फॉर्मवर.

मुलगी: न बघता मी काहीच लिहिणार नाही. अहो, हातमोजे घाला, घामेजलेत हात तुमचे. सावकाश. हं. पालथं ठेवा. … अगं बाई. खरंच खिसा आहे. बटणाचं काजसुद्धा आहे. आणि हा शाईचा डाग?

मिस्त्री: पेन गळायचं माझं. घरी सदरा आहे अजून, ट्रंकेत. बायको फरशी पुसायला मागत होती, दिला नाही. छातीवर चौकोनी भगदाड आहे त्याला.

मुलगी: काढू कागद?

मिस्त्री: मी भिंतीकडे तोंड करतो. तू वाच. मोठ्याने नको. नाही, मोठ्यानेच वाच.

मुलगी: ‘या चित्राला आज भोक पडलं. भोक पडलं म्हणून कावळा आला, आणि कावळा आला तेव्हा मला कळलं की चित्र अजून पुरं झालेलं नव्हतं. पुढे कोणी हे उलटून बघेल त्याला विनंती. हे चित्र जिथे लावाल तिथे, हा खिसा ज्याच्या सदऱ्याचा आहे त्या मिस्त्रीलाच बोलवा. त्याचा हात हलका आहे, आज घाबरला होता इतकंच.’ खाली सही. तारीख.

मिस्त्री: पुन्हा वाच. शेवटचं.

मुलगी: ‘त्याचा हात हलका आहे, आज घाबरला होता इतकंच.’

मिस्त्री: एकतीस वर्षं, बघ. एकतीस वर्षं त्या माणसावर संशय घेतला मी. त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा दिला, तेव्हाही मनात कागदच होता.

मुलगी: मी तर आठ दिवसांत तुम्हाला चोर ठरवलं.

मिस्त्री: तुझं बरं आहे. लवकर आटपलं. आता काय करणार?

मुलगी: आधी बाईंना दाखवायचं, मग बाकीच्यांना. आणि फॉर्मवर आहे ते लिहायचं. ‘डाव्या कोपऱ्यात मागून जुनं ठिगळ, चित्रकाराच्याच हातचं. ठिगळाला खिसा, खिशात चिठ्ठी.’ हा वार्षिकांक सोबत जोडते. बारा पानांचं बघू नंतर. सर हसतील, हसू देत.

मिस्त्री: कावळा काढू नकोस हं त्यातला.

मुलगी: कावळा कशाला काढू? फक्त तो एकटा होता असं लिहिलंय मी, ते खोडते. चला, उचला. बाई पोचतीलच.

मिस्त्री: दोन बोटं वर घेऊ?

मुलगी: आहे तिथेच बरोबर आहे. एक राहिलं. शेवटचा रकाना, ‘चित्र लावणाऱ्याचं नाव’. पंचवीस फॉर्मवर तुम्ही मला रेघ मारायला लावलीत.

मिस्त्री: मार की. नाव कोण वाचतंय? मास्तरांनी तरी कुठे लिहिलंय? मिस्त्रीच लिहिलंय. त्यांना माझं नाव ठाऊकच नव्हतं.

मुलगी: मलाही नाही, काका. सांगा. पूर्ण सांगा, रकाना बराच मोठा आहे.