मटण शिजू दे की

लाईट गेली आणि मिरचीचं कांडप थांबलं. बाकावर राजश्रीच्या शेजारी एक म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या. सुनेनं पिशवीतून रश्श्यांच्या पाककृतींचं जाड पुस्तक काढलं, तसे राजश्रीचे कान टवकारले.

"कुठलं वाचू, आत्या?"

"काल वांगं झालं. आज मटण घे."

"आधी खोबरं खरपूस भाजून घ्यावं. मग कांदा..."

"सावकाश की गं. खोबरं भाजू तर दे."

"भाजलं. कांदा टाकू?"

"टाक. आजारपणात जिभेची चव गेली ती आलीच न्हाई बघ. ताटातलं सगळं मातीगत लागतंय. तू वाचतीस तवा मातर तोंडाला पाणी सुटतंय."

"येईल हळूहळू. डॉक्टर म्हणले की."

"येऊ दे तिच्या सवडीनं. काळा मसाला किती म्हणतंय?"

"दोन चमचे."

"चार टाक."

"पुस्तकात दोनच हायेत, आत्या."

"पुस्तकाला आपलं घर काय ठावं?"

"बरं, चार. आता मटण घालून झाकण ठेवावं."

तेवढ्यात लाईट आली. कांडपवाल्यानं बटणाकडं हात नेत हाक मारली, "राजश्रीताई, आणा मिरची!"

"थांबा हो जरा," राजश्री जागची न हलता म्हणाली, "मटण शिजू दे की."