खालची ओळ

कल्याण स्टेशनच्या भिंतीवर विलायती साबणाची जाहिरात लागली होती. अंगाने धुऊन गोरा झालेला, तोंडाने काळाच राहिलेला एक हबशी पोरगा आणि शेजारी हसणारी मडम. चित्र विलायतेहून आलेलं. खालची मराठी ओळ त्र्यंबकरावांनी छापखान्यात बसून लिहून दिलेली. तिकिटाच्या रांगेत ते भिंतीकडे पाठ करून उभे होते. मागे एक शेतकरी, त्याची बायको शेवंता आणि हाताला फडकं बांधलेली मुलगी.

"ठाण्याचा डाक्तर विचारील, हात कशानं सोलला. काय सांगायचं?" शेवंताने नवऱ्याला विचारलं.

"विटकरीनं घासला म्हणायचं. साबण कुठला आपल्याकडं?"

"तुमच्याच हट्टानं शाळेत घातली. वाचायला शिकली आणि हे वाचलं."

"चुकीचं वाचलं असंल, शेवंते. असलं कोण छापील?"

"मी बरोबर वाचलं, बाबा."

"गप. रावसाहेब, तुम्ही शिकलेले दिसता. तेवढं वाचून दाखवता का?"

त्र्यंबकराव वळले. भिंतीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"'काळी कातडी धुऊन टाका, साहेबासारखे माणूस व्हा.'"

"असंच लिहिलंय?"

"असंच. मुलीने बरोबर वाचलंय."

"साहेबानं लिहिलं असंल."

"साहेबाला कुठं येते आपली भाषा? आपल्यातलाच असंल कुणी. त्याच्या घरी पोरगी नसंल," शेवंता म्हणाली.

"आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "तीही आता वाचायला शिकतेय."