बघतंय कोण!

"चॅनल बंदच करून टाकू. बघतंय कोण? आणि आमच्या सुनेची काळजी नको, ती कुठं बोलते!"

हे कोण म्हणालं? माझे सासरे, वेंडेल थेयर, गावाचे मुख्य पंच! शेजारच्या ओडेलपंचाला म्हणाले, अगदी हळू, टेबलावर वाकून... म्हणजे नेमकं माइकमध्ये! तुम्हाला सांगते, इतकी वर्षं खुर्चीत बसले, पण बैठकीच्या आधीपासून माइक चालू असतो हे डोक्यात शिरेल तर शपथ! आणि हेडफोन कुणाच्या कानाला? माझ्या! कॅमेऱ्यामागे कोण? मीच, ती न बोलणारी!

लग्न करून या गावात आले तेव्हा नवरा, क्लेटन, म्हणाला, "तू गप्प असतेस, तुला कॅमेरा जमेल." जमला. वाचनालयाच्या तळघरात आमचं गावचं टीव्ही चॅनल. केबलवाले गावाच्या रस्त्यांवरून तारा नेतात, त्याबद्दल गावाला पैसे देतात, त्यावर ते चालतं. आता त्या पैशांतून सासऱ्यांना काय हवंय? बागेतल्या बँडच्या चौथऱ्याला नवं छप्पर! अहो, बँड म्हणजे दोन माणसं, त्यातलं एक थंडी पडली की फ्लोरिडाला पळतं! पण छप्पर हवं. चॅनल? छे, बघतंय कोण!

बघतंय कोण म्हणे! शनिवारी कचरा टाकायला अख्खं गाव एका जागी जमतं ना, तिथं ओडेलनंच मला अडवलं, "काय गं, मी जांभई दिली की तुझा कॅमेरा नेमका माझ्याकडे कसा वळतो?" आता बघत नाहीस, तर तुला कळलं कसं रे बाबा? चर्चच्या जेवणात डोरीनबाई माझ्या ताटात बीन्स वाढता वाढता म्हणतात, "मी बाई ते लावतसुद्धा नाही. पण सासऱ्यांना सांग, तो तपकिरी टाय नको, फार थकलेले दिसतात!" आणि सासरे? रविवारी बैठक पुन्हा दाखवतात, तेव्हा दार लोटून, आवाज बारीक करून स्वतःचंच भाषण बघतात... आम्ही वरच्या मजल्यावर राहतो हो, सगळं ऐकू येतं!

हसताय काय? इर्माबाईंना विचारा. खुब्याचं हाड मोडलंय, नाल्यापलीकडे एकट्याच पडून असतात. चर्च, नातीची बास्केटबॉल मॅच, पंचांची बैठक, सगळं आमच्या चॅनलवर, त्या एका डब्यात. बैठक उठते न उठते तोच माझा फोन वाजतो, "ओडेल धादांत खोटं बोलला! पूल दुरुस्त झाला म्हणे! अगं, माझ्या खिडकीतून दिसतोय, कठडा अजून लोंबतोय!" मग तोच फोन ओडेलला, आणि दुसऱ्याच दिवशी कामगार हजर! आता कळलं? कुणी बघत नाही हे यांचं दुखणंच नाही. कुणीतरी बघतंय, हे आहे!

तर मार्चमधली गावसभा. शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव, मांडीवर ॲपल-पायच्या बशा, मत द्यायचं ते हात वर करून. चॅनलचा विषय निघाला. सासरे उठले. केस ओले करून चापून बसवलेले. टाय निळा, कोरा! कॅमेरा घेऊन मी भिंतीशी पियानोजवळ... आणि हा माणूस गावाकडे चक्क पाठ करून माझ्या कॅमेऱ्याकडे वळला, मान जराशी तिरकी केली, चांगली बाजू पुढे आणली, गोड हसला आणि म्हणाला, "मंडळी, उगाच खर्च कशाला? बघतंय कोण?"

तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हेडफोन काढले. हात वर केला. क्लेटनचा काटा बशीत खणकन पडला.

"बाबा," मी म्हणाले, "कुणी बघतच नाही ना? मग गावाकडे तोंड करून बोला की!"

व्यायामशाळा हसून हसून गदगदली. ओडेलसुद्धा. सासरे तेवढे लाल. सभा चालवणारे हार्लनकाका हातोडा आपटत ओरडले, "शांत व्हा! आणि पोरी, बोलण्याआधी नाव-पत्ता सांगायचा, गावसभेचा नियम आहे!"

आता नियम म्हणजे नियम. सांगितला.

"ल्युएला थेयर. पत्ता... यांच्याच घराचा वरचा मजला. निदान आज संध्याकाळपर्यंत तरी."